ज्या नावावर तू घरफाळा भरलास

आत्ती,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी माइकसमोर उभी राहून एक वाक्य बोलले, ते खोटं होतं. "आमची आत्ती फार भोळी होती," असं मी म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. माझ्याआधी गल्लीतले वसंतमामा बोलले होते आणि त्यांनी तुझा तो जुना किस्सा सांगितला होता, पावण्याच्या फाळ्याचा. "म्हातारी किती साधी म्हणायची! चार वर्सं दुसऱ्याच कुणाचा तरी घरफाळा भरून आली. सोताच्या घरावर नोटीस, आन् पावण्याचं घर चोख!" मांडवात हसू पिकलं. दुःखाच्या घरीही कधीकधी पिकतं तसं, मायेचं हसू. मीही हसले. समोर पांढऱ्या साडीतला तुझा फोटो होता, त्याच्याकडं न बघता हसले.

तू भोळी नव्हतीस आणि तू चुकलीही नव्हतीस. हे दोनच माणसांना माहीत आहे असं मला वाटत होतं, तुला आणि मला. तू गेलीस, म्हणजे आता ते खोटं माझ्या एकटीच्या राखणीत आलं. मला ते राखायचं नाही.

तुला तुझीच गोष्ट काय सांगायची म्हणा. पण हे दुसरेही वाचतील, आणि त्यांना त्या किश्श्यातली म्हातारी सोडून तू माहीत नाहीस. तेव्हा कंटाळा आला तरी ऐक.

तू माझ्या वडलांची, आबांची थोरली बहीण. लग्न करून गेलीस आणि दोन वर्षांत परत आलीस ती कायमची. का आलीस असं कुणी विचारलं तर "जमलं न्हाय" एवढंच म्हणायचीस, एखादं लोणचं जमलं नाही तसं. मुलांच्या एका बोर्डिंगात तू तीसेक वर्षं भाकऱ्या थापल्यास. आई मी लहान असतानाच गेली होती, आबा मी कॉलेजात असताना गेले, आणि गल्लीच्या टोकाच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघीच उरलो. खोल्या तुझ्या वडलांनी बांधलेल्या. धोंडी आजोबा कागलकडच्या एका खेड्यातून आलेले, गूळ मार्केटात हमाली करायचे. मी त्यांना पाहिलं नाही. त्यांचा फोटोही नाही. आपली माणसं छप्पन साली बौद्ध झाली, पुढं आबांनी कागलकर हे आडनाव घेतलं, पण आजोबा त्याच्या आधीच गेले होते. त्यांना नवा धम्मही मिळाला नाही आणि नवं आडनावही. सरकारी वहीत त्यांना जसं लिहिलं होतं तसेच ते राहिले.

मार्च आला की तुझी गडबड सुरू व्हायची. घरपट्टीला आपल्याकडं फाळा म्हणतात, आणि तो भरायला माणसं कुरकुरत जातात. तू नटून जायचीस. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्याला तेल, हातात गेल्या वर्षीची पावती. एकदा मी तुझ्याबरोबर आले होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असेन. लांब हॉल होता, भिंतीला बाकडी होती. क्लार्कनं पावती बघून तांबड्या कापडाची जाडजूड वही काढली, पैसे घेतले आणि बसायला सांगितलं. पावती लिहून झाली की ते घर ज्याच्या नावावर असेल त्याचं नाव पुकारायचे. बराच वेळ गेला आणि मग तिकडून आवाज आला, "धोंडी राणू!"

तू ताडकन उठलीस आणि सगळा हॉल वळून बघेल इतक्या मोठ्यानं ओरडलीस, "हाय!"

शाळेत हजेरी देतात तसं. तू शाळेची पायरी चढली नव्हतीस. मी मान खाली घातली. वाटेत तुझ्यावर खेकसले, "एवढं ओरडायचं काय होतं गं? खिडकीपाशी जाऊन घेता आली नसती पावती?"

"का घिऊ? वर्साकाठी एकदा कोणतरी माझ्या बाचं नाव मोठ्यानं घेतंय. आन् मी गप बसू व्हय?"

मी तेव्हा वीस वर्षांची होते. मला वाटलं, खेडवळपणा आहे.

मग मला नोकरी लागली. सरकारी ऑफिसात क्लार्क. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं होती, हातात पगार आला, आणि वर एक खोली चढवावी असं मला वाटू लागलं. पतसंस्थेचं कर्ज हवं तर घर माझ्या नावावर पाहिजे, असं तिथं सांगितलं. मी एका दुपारी एकटीच फाळ्याच्या ऑफिसात गेले. वारसाचे कागद दिले. क्लार्कनं ती तांबडी वही उघडून माझ्यापुढं धरली आणि आजोबांच्या नावाची ओळ मी पहिल्यांदा डोळ्यांनी वाचली. आधी त्यांचं नाव, मग त्यांच्या वडलांचं, आणि आडनावाच्या जागी जात. काळ्या शाईत, सुबक अक्षरात. हे लिहितानाही मी तो शब्द टाळतेय, बघतेयस ना.

क्लार्क म्हणाला, "नवीन खातं तुमच्या नावानं काढतो. जुनं बंद करायला येगळा अर्ज द्या. जुन्या मालकाचं नाव वहीत हाय तसंच्या तसं लिवायचं आन् तुमचं नातं."

माझ्या पाठीमागं रांग होती. तो शब्द मी माझ्या हातानं लिहायचा, माझी सही त्याच्याखाली करायची, आणि मागचा माणूस खांद्यावरून वाचणार. "उद्या देते," म्हणाले. तो उद्या उजाडलाच नाही. नव्या खात्याचा कागद मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये खाली घालून ठेवला. आणि तुला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? घरावरचं तुझ्या बाचं नाव काढलं म्हणून?

पुढचे चार मार्च मी तुझ्या हातात पैसे ठेवले आणि तू नेहमीसारखी हिरवी साडी नेसून गेलीस. त्या काळी बिल घरी येईलच असं नव्हतं. गेल्या वर्षीची पावती दाखवायची, की क्लार्क ती वही काढायचा. वही जुनीच, ओळ जुनीच. तू यायचीस आणि उरलेले पैसे फळीवर ठेवायचीस. "ह्या वर्साला बी तेवढाच आला बघ. ह्ये राहिल्यालं तुझं तू घे." माडी चढवल्यावर फाळा वाढतो हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते, आत्ती. ते सुटे पैसे मी उचलून पर्समध्ये टाकायचे आणि विचार करायचा नाही असं ठरवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ माझी होती आणि झाकण तू होतीस, तुला न सांगता.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि माझ्या नावाची नोटीस आली. चार वर्षांचा फाळा थकीत, दंड वेगळा. पंधरा दिवसांत न भरल्यास नळ तोडणार आणि नाव चौकातल्या फळ्यावर लावणार.

तेव्हाच्या माझ्या तोंडाचं काय करू? संध्याकाळी तू चुलीपाशी होतीस आणि मी चपला न काढता आत आले. "पैसे काय केलेस गं? दरवर्षी मोजून दिले. भिशीत घातलेस? का बोर्डिंगातल्या कुणाला उसने दिलेस? आता चौकात नाव लागलं की बसशील बघत!"

तू पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघत राहिलीस. "भरल्यात की गं."

"कुठं भरलेस? त्यांना एक पैसा सापडत नाही!"

तू हात धुतलेस, ट्रंक उघडलीस, साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी काढलीस आणि माझ्यापुढं चार पावत्या ठेवल्यास. शिक्का, सही, तारीख, सगळं जिथल्या तिथं. वर नाव धोंडी राणू, आणि पुढं तो शब्द. माझ्या एका क्षणात सगळं ध्यानात आलं. तेव्हाच सांगायचं होतं. पावत्या गोळा करून मी फक्त म्हणाले, "उद्या जाऊन मिटवते."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या नलिनीताई म्हणाल्या, "थांब, माझा पण भरायचाय, येते मी." आम्ही रोज डबा वाटून खायचो. त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं आणि मी कधी सांगितलं नव्हतं. कागलकर म्हटल्यावर माणसं आपापल्या सोयीनं समजून घेतात, आणि मी कुणाची सोय मोडत नसे. त्यांना नको कसं म्हणायचं, हे मला सुचलं नाही.

आणि तिथं गेलो तर तू आधीच बाकावर बसलेली. बोर्डिंगातल्या सकाळच्या भाकऱ्या उरकून चालत आली होतीस, मनगटाला पीठ तसंच. "मला बोलव की खिडकीपाशी," म्हणालीस, "त्यो क्लार्क मला वळखतोय."

त्यानं पावत्या उलटून पालटून बघितल्या. "पावत्या खऱ्या हायत. शिक्का आमचाच. पैसे बी जमा हायत, न्हाई म्हणत न्हाई. पण बाई, तुमच्या खात्यावर न्हाईत. तुमचं खातं ह्ये, आन् ह्ये जमा झाल्यात दुसऱ्याच खात्यावर." त्यानं वही आमच्याकडं फिरवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. नलिनीताई माझ्या डाव्या खांद्याशी होत्या, तू उजव्या. "ह्ये धोंडी राणू तुमचे कोण? तुमचेच असतील तर सोपं हाय. एक अर्ज लिवा, नातं सांगा, सगळे पैसे वळते करतो. दंड बी जाईल."

एवढंच होतं, आत्ती. आजोबा, एवढा एक शब्द. तुझ्यावरचा आळ जाणार होता, माझा दंड वाचणार होता.

मी म्हणाले, "माहीत नाही. आमचे कुणी नव्हेत."

तो क्लार्क वाईट नव्हता. त्यानं हसून तुझ्याकडं बघितलं. "म्हंजे आज्जी, तुमी चार वर्सं पावण्याचा फाळा भरलासा की!" रांगेतली माणसं हसली.

तू आधी वहीतल्या त्या दोन ओळींकडं बघितलंस, एक तुझ्या बाची आणि एक माझी. घरावरून त्यांचं नाव गेलंय, हे तुला तिथं कळलं. मग तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. आणि मग क्लार्कला म्हणालीस, "व्हय बाबा. म्हातारं माणूस. डोळ्याला दिसत न्हाय, चुकलं."

त्याच आठवड्यात तू माझ्या ब्लाउजला हुक लावून दिले होतेस. सुईत दोरा तूच ओवला होतास, चष्म्याशिवाय.

मी चेक लिहिला, चार वर्षांचा आणि दंडाचा. एक नाव उच्चारायला नको म्हणून एकाच घराचा फाळा दोनदा भरला. घरी जाताना तू माझ्या चार पावलं पुढं चालत होतीस. मी गाठायला गेले की तुझी पावलं झपाझप पडायची. दाराशी आल्यावर एवढंच बोललीस, "तुझा फाळा हितनं म्होरं तू भर."

'तुझा' म्हणालीस. मी ऐकलं होतं.

गोष्ट गल्लीत पोचायला दोन दिवस लागले नाहीत. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं तुला हटकायची, "आज्जे, पावणं बरं हाईत न्हवं?" आणि तू न थांबता उत्तर द्यायचीस, "बरं हाईत की. घर चोख हाय त्येंचं." पोरं हसायची. मी आत भांडी जोरात आपटायचे. तू त्यांना एकदाही खरं सांगितलं नाहीस. मला वाचवायला का मला रोज ऐकवायला, ते मला कधीच कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

पुढं एका चौदा एप्रिलला आपण भांडलो, आठवतं? मिरवणूक बघून आलो होतो, तू पांढऱ्या साडीत उंबऱ्यावर पाय चोळत बसली होतीस आणि मलाच राहवेना. चोराच्या मनात चांदणं. "तुला अजून राग आहे ना माझा?" म्हणाले. तू म्हणालीस, "राग कशाचा?" तू 'व्हय' म्हणाली असतीस तर मी तिथंच पाया पडले असते असं मी स्वतःला सांगत आलेय. पण तू व्हय म्हणाली नाहीस, आणि मग मी उलट तुझ्यावरच चढले. "त्या वहीत आजोबांच्या नावापुढं काय लिहिलंय माहीत तरी आहे का तुला?"

"म्हायती हाय की. साक्षरता वर्गात अक्षरं शिकलो, तवा पयली पावतीच वाचली. चार दिस लागलं."

"आणि तरी तू तिथं उठून ओरडायचीस, हाय म्हणून?"

"मग? माझ्या बाचा दाखला न्हाय, फोटू न्हाय. त्यो व्हता म्हणून एकाच कागदावर लिवलंय. त्येच्या म्होरं ज्यानं जात लिवली, लाज त्येची. ती तू कशापायी डोक्यावर घिऊन फिरतीस?"

यावर मी काय बोलले ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "तुला काय जातंय बोलायला. तुला भाकऱ्या थापायच्यात. चार माणसांत मला बसायचंय."

"व्हय बाई," म्हणालीस आणि उठून भांडी घासायला गेलीस. तो वाद तिथंच राहिला. मी मनात त्याला शंभर उत्तरं दिली, घरात एकही नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात तू मला आवडतं म्हणून झुणका दिलास, आणि मी तो नलिनीताईंबरोबर वाटून खाल्ला.

तू दवाखान्यात जाताना रिक्षात बसून "येतो गं" म्हणालीस. आपल्याकडच्या बायका 'येते' म्हणत नाहीत, मीच ऑफिसात शिकून म्हणायला लागले. तीन दिवस होतीस तिथं. तीन दिवस मी उशाशी बसून तुला मोसंबीचा रस पाजला आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या सुनेबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू डोळे उघडून विचारलंस, "मार्चात कोण जाणार?" मला वाटलं तापात बरळतेयस. "कुठं जायचंय?" मी म्हणाले. "काय न्हाय," म्हणालीस.

पुण्यानुमोदन झाल्यावर, मांडव रिकामा झाल्यावर नलिनीताई थांबल्या होत्या. वंदना चालू असताना त्या हात जोडून शेवटपर्यंत बसल्या होत्या, ते मी बघितलं होतं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनीच माझा हात धरला. "अगं, मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. दर सहा डिसेंबरला तू रजा टाकतेस की."

"मग त्या दिवशी? खिडकीवर?"

"त्या दिवशी मी तुझ्या आत्तीकडं बघत होते," त्या म्हणाल्या.

म्हणजे ज्यांच्यासाठी मी तुला मोडीत काढलं, त्यांच्यापासून काही लपलंच नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. पण धरणी काही दुभंगत नाही. त्याच संध्याकाळी मी तुझी ट्रंक उघडली, साड्या वाटायच्या म्हणून. हिरवी साडी वरच होती. तिच्या घडीत ती प्लास्टिकची पिशवी.

त्यात माझ्या ओळखीच्या चार पावत्या होत्या. आणि त्यानंतरच्याही होत्या. दरवर्षीची एक, एकही वर्ष चुकलेलं नाही, शेवटची याच मार्चची. सगळ्या धोंडी राणूच्या नावावर. दर मार्चमध्ये एकदा तू "बोर्डिंगात काम हाय" म्हणून जायचीस, काम सुटल्यानंतरसुद्धा, आणि मी कधी विचारलं नाही की तिथं आता तुझं काय काम. भाकऱ्यांच्या पैशातनं साठवलेलं तू नेऊन भरत होतीस. ज्या घराला भिंत नाही, नळ नाही, जे फक्त त्या वहीत उभं आहे, त्या घराचा फाळा. मी पावत्या मांडीवर घेऊन बसले. मार्चात कोण जाणार, हे तू मला विचारलं होतंस, आणि मी तुला विचारलं, कुठं.

परवा मी गेले, आत्ती.

तो जुना क्लार्क आता नाही. एक तरुण मुलगी बसते, समोर कॉम्प्युटर. मी पावत्या तिच्यापुढं ठेवल्या आणि सांगितलं, ह्या माझ्या आत्तीनं भरलेल्या आहेत. तिनं बराच वेळ शोधलं. "या नावावर काही दिसत नाही हो मॅडम. पूर्ण नाव सांगा. जुन्या वहीतून जसंच्या तसं उतरवलेलं असतं, एक शब्द गाळला तरी सापडत नाही."

मी सांगितलं. पहिल्यांदा नुसतं पुटपुटले. ती म्हणाली, "जरा मोठ्यानं." मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मागं रांग होती. कुणी काही म्हणालं नाही. माझ्या मागच्या बाईनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच झालं.

"सापडलं," ती मुलगी म्हणाली. "बाकी काही नाही यांची. उलट नियमित भरणा आहे. हे तुमचे कोण?"

"आजोबा."

"मग अर्ज द्या. एवढे सगळे पैसे तुमच्या खात्यावर वळवून देते आणि हे खातं बंद करू. घर एकच आहे ना."

मी म्हणाले, पैसे राहू दे तिथंच, ते माझे नाहीत. घराच्या खात्यावर माझ्या नावाआधी त्यांचं नाव लागतं का, तेवढं बघ. ती म्हणाली, मूळ मालक म्हणून लागेल, पण साहेबांची सही लागते, चार चकरा होतील. मी म्हणाले, मारीन चकरा. मग तिनं कोरा कागद दिला आणि मी बाकावर बसून तू बसायचीस तशी मांडी घालून अर्ज लिहिला. जो अर्ज मी उद्या देते म्हणाले होते, तो. 'कै. धोंडी राणू महार हे माझे आजोबा. त्यांच्या नावावरचा घरफाळा त्यांची मुलगी, माझी आत्ती, हिने दरवर्षी न चुकता भरला आहे. तिची कोणतीही चूक झालेली नाही.' ते शेवटचं वाक्य लागत नाही, असं ती मुलगी म्हणाली. मी म्हणाले, राहू दे.

वसंतमामांना काल सांगितलं, सगळं, कट्ट्यावरच्या माणसांदेखत. तो किस्सा आता ते सांगणार नाहीत. तुला त्याचं काय वाटलं असतं कोण जाणे, तुला तो किस्सा आवडायलाही लागला होता. तुझी माफी मागावी, तर तू 'राग कशाचा' म्हणणार आणि मी पुन्हा मोकळी राहणार, म्हणून ती मागत नाही. माझी लाज मी माझ्याजवळ ठेवते. त्या वहीतली नव्हे, ती ज्यानं लिहिली त्याची. ही खिडकीवरची, ही माझी आहे.

परवाचं एकच सांगायचं राहिलं. अर्जाची पोच मिळेपर्यंत बसा, म्हणाली. तासभर बसले. पद्धत तीच आहे अजून, खातं ज्याचं त्याचं नाव पुकारतात. तिकडून त्या मुलीचा आवाज आला, "धोंडी राणू!"

मी उठले. तुझ्याएवढ्या मोठ्यानं जमलं नाही. पण हॉलमधली चार-पाच माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं म्हणाले, "हाय."